डब्यातलं सँडविच, ब्राऊन ब्रेड आणि कळण्याची भाकरी: हिशेब नेमका कुठे चुकतो

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही भुसावळहून जळगावला रोज अप-डाऊन करता. सकाळी लवकर घर सोडावं लागतं, म्हणून डब्यात ब्राऊन ब्रेडची दोन सँडविच असतात: चार स्लाइस, बटर, हिरवी चटणी, उकडलेला बटाटा, काकडी, चीजच्या दोन स्लाइस आणि वरून बारीक शेव. मोबाइलमधल्या ॲपने दिवसाला 1500 कॅलरी ठरवून दिल्या आहेत. पांढरा ब्रेड सोडून दोन महिने झाले तरी काटा जागचा हलत नाही. आता मल्टिग्रेन घ्यावा, ब्रेड बंदच करावा, की इंटरनेटवर दाखवतात तसं लेट्यूसच्या पानात गुंडाळून खावं, असं तुम्ही विचारलंय. भाकरी डब्यात दुपारपर्यंत कडक होते, ही अडचणही लिहिली आहे. रविवारी मुलांसाठी टोस्ट सँडविच होतं तेव्हा स्वतः काय खावं, हा शेवटचा प्रश्न.

मी जळगावात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत माझ्यासमोर येत असतो. तुमच्या बाबतीत मला दिसतं ते असं, की तुम्ही ब्रेड बदलत राहिलात आणि त्याच्या आत जे जातं त्याला हात लावला नाही. जास्तीच्या कॅलरी तिथे आहेत.

तुमच्याच डब्याचा हिशेब करू. साधारण 28 ग्रॅमच्या एका स्लाइसमध्ये 70 कॅलरी धरा, चार स्लाइसच्या झाल्या 280. प्रत्येक स्लाइसला एक चमचा बटर लागत असेल तर चार चमच्यांचं होतं 20 ग्रॅम, म्हणजे 145 कॅलरी. चीजच्या दोन स्लाइस 120. मध्यम बटाटा 80. मूठभर शेव पडली तर आणखी 80. चटणीचे 20 धरा. बेरीज सव्वासातशेच्या आसपास जाते. तुमच्या 1500 पैकी जवळपास निम्म्या कॅलरी या एका डब्यात संपल्या आणि त्यातल्या ब्रेडच्या फक्त 280. पांढऱ्याऐवजी ब्राऊन घेतल्याने या 280 मधल्या दहा-वीस कमी झाल्या असतील. तेवढ्याने वजन हलणार नाही.

ॲपवर तुम्ही हे ‘व्हेज सँडविच, 2 नग’ असं टाकत असाल तर तिथे तीनशे-साडेतीनशेचा आकडा येतो. तो कुणाच्या तरी दुसऱ्याच सँडविचचा असतो. बटर आणि शेव त्यात धरलेली नसते.

आता ब्राऊन ब्रेडबद्दल. रंगावर जाऊ नका. पुडा उलटा करा आणि घटकांची यादी वाचा. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे जो घटक वजनाने सगळ्यात जास्त, तो यादीत पहिला लिहावा लागतो. पहिलं नाव ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ असेल तर तो मैदाच आहे, मग पुड्यावर कणसाचं चित्र असो की शेताचं. यादीत कॅरॅमल किंवा 150 ने सुरू होणारा रंगाचा क्रमांक दिसला, तर तपकिरी रंग त्यातूनही आलेला असतो. मल्टिग्रेनमध्ये बऱ्याचदा मैद्यात थोडे जवस, तीळ, ओट्स मिसळलेले असतात. मग पोषणाच्या चौकटीत 100 ग्रॅममागे तंतू किती ते बघा. साध्या ब्रेडमध्ये अडीच-तीन ग्रॅम असतात, खऱ्या गव्हाच्या पिठाच्या ब्रेडमध्ये सहाच्या पुढे. तंतूंनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, पोट साफ व्हायलाही मदत होते, म्हणून असा ब्रेड मिळाला तर जरूर घ्या. मात्र तो कमी कॅलरीचा आहे असं समजून एक स्लाइस जास्त खाऊ नका. आणखी एक गोष्ट लोकांना पटत नाही, पण आहे: पीठ बारीक दळलेलं असेल तर गव्हाचा ब्रेडही रक्तातली साखर जवळपास पांढऱ्या ब्रेडइतकीच वेगाने वाढवतो. मधुमेह असलेल्यांनी ‘होल व्हीट’ हे शब्द वाचून निर्धास्त होऊ नये.

स्लाइसचं वजन काढायची सोपी रीत म्हणजे पुड्याचं वजन भागिले स्लाइस. 400 ग्रॅमच्या पुड्यात 16 स्लाइस निघाल्या तर एक 25 ग्रॅमची. सँडविचसाठी म्हणून मोठा ब्रेड मिळतो त्याची एक स्लाइस 35-40 ग्रॅमची असू शकते, म्हणजे शंभरच्या जवळ कॅलरी. दोन्हींना ‘एक स्लाइस’ म्हटलं की हिशेब तिथेच बिघडतो.

ब्रेड सोडून भाकरीवर यावं का? यावं, मी स्वतः त्याच बाजूची आहे. पण इथे आपल्या खान्देशात एक घोटाळा हमखास होतो, तो आधी सांगते. ज्वारी, बाजरी, गहू, मैदा, कुठलंही पीठ घ्या, 100 ग्रॅम कोरड्या पिठात साधारण 320 ते 350 कॅलरी असतात. ओट्स तर त्याहून थोडे जास्तच. धान्य बदलून कॅलरीत मोठा फरक पडत नाही. फरक पडतो तो किती पीठ पोटात गेलं त्याने. आपल्याकडची हातावर थापलेली मोठी भाकरी 80-90 ग्रॅम पिठाची सहज होते. ती एकटी 270 ते 300 कॅलरींची, म्हणजे तुमच्या चार स्लाइसइतकी. यावल-रावेरकडून येणाऱ्या किती तरी ताई मला सांगतात, ‘मॅडम, ब्रेड-बिस्किट सगळं सोडलं, फक्त भाकरी खाते.’ विचारलं की कळतं, दोन वेळच्या मिळून चार भाकरी आणि प्रत्येकीवर तेलाची धार. यात भाकरीचा दोष काढता येत नाही, ती मोजली गेली नाही एवढंच.

म्हणून पहिले काही दिवस पीठ कोरडं असतानाच तोलून घ्या. तीन-चारशे रुपयांत स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा येतो. 40 ग्रॅम पिठाचा गोळा हाताला एकदा कळला की मग काट्याची गरज उरत नाही. 40 ग्रॅमची भाकरी म्हणजे साधारण 135 कॅलरी, दोन लहान स्लाइसच्या बरोबरीची.

डब्यासाठी मी तुम्हाला साध्या ज्वारीपेक्षा कळण्याची भाकरी सुचवेन. घरात असतेच, फक्त हिवाळ्यात भरीत झालं की तिची आठवण होते. चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालासकट काळे उडीद आणि चवीला खडे मीठ, असं एकत्र दळून आणा. उडदामुळे पिठाला चिकटपणा येतो, भाकरी थापताना तुटत नाही आणि गार झाल्यावर साध्या ज्वारीइतकी लवकर कडक होत नाही. प्रथिनंही थोडी वाढतात. 40 ग्रॅम कळण्यातून साधारण पाच ग्रॅम प्रथिनं आणि चार ग्रॅम तंतू मिळतात. दोन पांढऱ्या स्लाइसमध्ये प्रथिनं जवळपास तेवढीच, तंतू मात्र दीड ग्रॅमच्या आसपास. तेव्हा भाकरी जिंकते ती तंतूंवर. प्रथिनांची सोय दोन्हीकडे आतल्या सारणातूनच करावी लागते.

भाकरी दुपारपर्यंत मऊ राहावी म्हणून पीठ उकड काढून मळा. जेवढं पीठ तेवढंच पाणी मापाने घेऊन उकळा, त्यात पीठ घाला, गॅस बंद करून पाच मिनिटं झाकण ठेवा, मग हाताला सोसवेल तसं मळून घ्या. पातळ आणि तळहातापेक्षा थोडी मोठी थापा. तव्यावर टम्म फुगली पाहिजे, कारण आपल्याला तिचा पापुद्रा हवा आहे. उतरवली की एका कडेने सुरीचं टोक घालून पापुद्रा अर्ध्यापर्यंत सोडवायचा. आतून वाफ जाऊ द्या. वाफ असतानाच भरली तर आतला भाग ओला होऊन फाटतो. गार झालेल्या त्या खिशात सारण भरा, बोटांनी हलकं दाबा आणि सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. एका हातात धरून खाता येतं, गाडीतसुद्धा. पहिल्या दोन-तीन भाकऱ्या फाटतील, हरकत नाही, त्या घडी घालून खा.

आत काय भरायचं, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. एका डब्यात 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं गेली तर चार वाजता भूक खवळत नाही, हे मी वारंवार पाहिलंय. तुमच्या सध्याच्या सँडविचमध्ये बटाटा आणि शेव जागा अडवून बसलेत. त्याजागी मोड आलेल्या मुगाची कोरडी उसळ घ्या. 30 ग्रॅम मुगातून सातेक ग्रॅम प्रथिनं येतात आणि कॅलरी शंभरच्या आसपास. किंवा 50 ग्रॅम पनीर हाताने कुस्करून त्यात कांदा, कोथिंबीर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. नऊ ग्रॅम प्रथिनं, 140 च्या आसपास कॅलरी. साय काढलेल्या दुधाचं घरचं पनीर असेल तर आणखी कमी. अंडं चालत असेल तर दोन अंड्यांची भुर्जी, 12 ग्रॅम प्रथिनं आणि तेलासकट दोनशेच्या आत. बटरऐवजी ओलाव्यासाठी दह्याचा चक्का लावा. रात्री वाटीभर दही फडक्यात टांगून ठेवलं की सकाळी तयार. त्यात ठेचा मिसळला की मेयोनेजची आठवण राहत नाही. मेयोनेजचा एक मोठा चमचा नव्वद-शंभर कॅलरींचा असतो.

ठेच्याबद्दल एवढंच बघा की शेंगदाणे आणि तेल किती पडतंय. चमचाभर तेल 45 कॅलरी, मूठभर दाणे दीडशेच्या पुढे. भरताचंही तसंच. आपली हिरवी वांगी, ज्यांना जळगावचं भरीत वांगं म्हणून भौगोलिक मानांकन मिळालंय, ती भाजलेली 100 ग्रॅम घेतली तरी पंचवीसेक कॅलरींची. भरीत जड होतं ते फोडणीतल्या तेलाने, दाण्यांनी आणि खोबऱ्याने. चौघांच्या भरताला दोन मोठे चमचे तेल पुरतं. पातीचा कांदा भरपूर घाला, चव उतरत नाही. फक्त भरीत डब्यातल्या भाकरीत भरू नका, पाणी सुटतं. ते वेगळ्या डबीत न्या.

रोज भाकरी थापायला वेळ नसतो, हे मला मान्य आहे. त्या दिवशी मूगडाळीची धिरडी करा. 40 ग्रॅमच्या आसपास साल असलेली मूगडाळ रात्री भिजवा, सकाळी आलं-मिरची-जिरं घालून जाडसर वाटा. मोठं पातळ धिरडं घालण्याऐवजी छोट्या तव्यावर दोन जाडसर गोल धिरडी घाला आणि त्यांच्यामध्ये चक्का, काकडी, टोमॅटो ठेवा. हे खरं तर ब्रेडशिवायचं सँडविचच झालं. चमचाभर तेल धरून 180-190 कॅलरी आणि नऊ-दहा ग्रॅम प्रथिनं. माझ्या मते डब्यासाठी यापेक्षा चांगला पर्याय नाही. पोळीचा रोलही चालेल, पण फुलका घ्या. 30 ग्रॅमचा फुलका शंभरच्या आत राहतो, तेल लावून केलेली घडीची मोठी पोळी दोनशेवर जाते.

लेट्यूसचं काय? ते इथे रोज ताजं मिळत नाही आणि त्यासाठी धावपळ करायची गरजही नाही. कोबीचं बाहेरचं पान गरम पाण्यात मिनिटभर बुडवलं की छान वळतं. रात्रीच्या हलक्या जेवणाला ठीक आहे. सकाळी सात ते संध्याकाळी सात बाहेर राहणाऱ्या बाईने दुपारी नुसत्या पानात गुंडाळून खाल्लं तर पाच वाजता स्टेशनवर कचोरी हातात येणार, आणि एका कचोरीत वाचवलेलं सगळं परत जातं. अंड्याचा पांढरा भाग फेटून भाजलेला ‘क्लाउड ब्रेड’ मात्र वेळेच्या मानाने काहीच देत नाही, सोडून द्या.

ब्रेडच तुम्हाला सोयीचा वाटत असेल तर तोही ठेवा. लहान स्लाइस दोनच घ्या, 140 कॅलरी. आत 50 ग्रॅम पनीर, चक्का, चटणी, भरपूर काकडी-टोमॅटो-कांदा. बटर नाही, शेव नाही. तीनशेच्या आसपास सगळं बसतं. सोबत ताक आणि एक केळं. केळ्याने वजन वाढतं म्हणून आपल्याच केळीच्या पट्ट्यातल्या बायका केळं टाळतात याचं मला फार वाईट वाटतं. मध्यम केळं शंभरएक कॅलरींचं असतं, चीजच्या दोन स्लाइसपेक्षा कमी. म्हणजे आधीच्या सव्वासातशेच्या जागी साडेचारशेत पोटभर जेवण होतं आणि ब्रेड आहे तोच राहतो.

चहाबरोबरचे टोस्ट आणि खारी तुम्ही लिहिले नाहीत, तरी विचारते. टोस्ट हलका म्हणून खाल्ला जातो. तो हलका लागतो कारण त्यातलं पाणी गेलेलं असतं. वजनाला वजन धरलं तर 100 ग्रॅम ब्रेडच्या 250-260 कॅलरींसमोर टोस्ट चारशेच्या पुढे आणि खारी पाचशेच्या पुढे जाते, तिच्यात वनस्पती तुपाचे थर असतात. ऑफिसात दोन वेळच्या चहाला दोन-दोन टोस्ट होत असतील तर आणखी दोनशे कॅलरी तिथे आहेत. हे एकदा तपासाच.

आता जे माणसापरत्वे बदलतं ते. 1500 हा आकडा तुम्हाला बरोबर आहे की नाही, हे तुमची उंची, वजन, वय कळल्याशिवाय मी सांगू शकत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये 55 किलो वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या स्त्रीची दिवसाची गरज 1660 कॅलरी धरली आहे. त्यावरून 1500 फार कमीही नाही आणि फार जास्तही नाही एवढंच म्हणता येईल. थायरॉईडची तपासणी झाली नसेल तर करून घ्या, तो कमी काम करत असेल तर वजन अडकून राहतं. रक्तदाब असेल तर ब्रेडमधलं मीठ लक्षात घ्या, चार स्लाइसमधून एक ग्रॅमच्या वर मीठ जातं आणि दिवसाची मर्यादा पाच ग्रॅमची आहे. कळण्यात दळतानाच मीठ असतं, तेव्हा ते कमी घालून दळा. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी वर सांगितलेली डाळ-पनीरची मापं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आणि कुणाला गव्हाच्या ग्लुटेनचा खरोखरचा त्रास असेल तर ज्वारी चालते, पण गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ दळलेली चालत नाही. घरघंटी हाच उपाय.

ऋतूचंही बघावं लागतं. मे महिन्यात भुसावळचा पारा 45 च्या घरात जातो. तेव्हा पनीर, चक्का, अंडं, उकडलेला बटाटा सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत डब्यात ठेवणं धोक्याचं आहे. ऑफिसात फ्रिज असेल तर पोचल्याबरोबर डबा आत ठेवा. नसेल तर मार्च ते जून भाकरीबरोबर कोरडी जवसाची किंवा दाण्याची चटणी, भाजलेले चणे आणि कांदा न्या, दही तिथेच छोटं पाकीट घेऊन खा. 30 ग्रॅम चण्यांतून सहा-सात ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि ते उन्हात खराब होत नाहीत.

थोडक्यात माझा क्रम असा: आधी बटर, शेव आणि चीज बाजूला करा, मग आत प्रथिनं वाढवा, मग पिठाचं माप धरा, आणि ब्रेड की भाकरी हे सगळ्यात शेवटी ठरवा. तीन आठवडे हे करून बघा. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी उठल्यावर घ्या. पाळीच्या आधी एक-दीड किलो वाढलेलं दिसलं तर घाबरू नका, ते पाणी असतं. तीन आठवड्यांनंतरही काटा हलला नाही तर दोन दिवसांचं खाणं ग्रॅममध्ये लिहून इथेच टाका, चहातल्या साखरेसकट.

रविवारचं राहिलं. मुलांसाठी टोस्ट सँडविच करता तेव्हा तुम्ही वेगळं बसून कोबीचं पान खाऊ नका, ते फार दिवस टिकत नाही. मुलांच्यातलंच एक घ्या, बटाटा-चीज सगळ्यासकट, फक्त यंत्राला बटर ब्रशने पुसटसं लावा आणि शेवेची वाटी टेबलावर आणू नका. आधी वाटीभर काकडी-टोमॅटोची कोशिंबीर खा, मग सँडविच. साडेतीनशेच्या आसपास होईल. ॲपमध्ये तेवढेच लिहा आणि त्या दिवशी रात्री मुगाचं वरण आणि एक लहान भाकरी ठेवा.